जुनं हाड सापडलं तर धुऊ नका, फुंकू नका. धूळ काढायला साधा रबरी फुगा पुरतो

सोलापूर : उन्हाळ्यात भीमा, सीनेचं पाणी आटलं की काठाच्या दरडी उघड्या पडतात. विहीर खोदताना किंवा ओढ्याच्या कडेला माती काढताना कधीकधी म्हशीच्या हाडापेक्षा जड, दगडासारखं हाड हाती लागतं. मग कुणी ते हौदावर नेऊन धुतं, कुणी खुरप्यानं खरवडतं. हजारो वर्षं जमिनीत टिकलेलं हाड तासाभरात भुगा होऊन बसतं.

आपल्याकडच्या नद्यांना अशी हाडं नवी नाहीत. लातूर जिल्ह्यात मांजरा नदीकाठच्या जुन्या थरांत हत्ती, पाणघोडा यांची हाडं मिळाली आहेत. नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वरजवळ गोदावरीच्या गाळात सापडलेल्या हत्तीची नोंद भूवैज्ञानिक पिलग्रिम यांनी १९०५ साली केली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे जी. एल. बदाम यांचा भारतातल्या अशा जुन्या प्राण्यांवरचा ग्रंथ १९७९ साली निघाला. या हाडांना जीवाश्म म्हणतात.

जीवाश्म साफ करणं म्हणजे निम्मं काम सुईचं आणि निम्मं धुळीचं. हाड वाळू, चुनखडी आणि चिकणमातीच्या घट्ट थरात बसलेलं असतं. जाणकार माणूस सुईनं किंवा दातांच्या डॉक्टरकडच्या टोकदार हत्यारानं एकेक कण सुटा करतो, धूळ बाजूला करतो आणि परत सुई धरतो. धूळ साठली की माती कुठं संपली आणि हाड कुठं सुरू झालं ते दिसत नाही. नेमकी तिथंच सुई हाडात घुसते.

तोंडानं फुंकर मारणं सगळ्यात सोपं वाटतं, पण श्वासात ओल असते. चिकणमातीची धूळ ओली झाली की हाडाच्या छिद्रांत लिंपल्यासारखी बसते. शिवाय उडालेली धूळ परत आपल्याच डोळ्यांत. चुलीच्या फुंकणीनं वारा नेमका एका जागी जातो हे खरं, पण ओल तिच्यातूनही जातेच.

त्यापेक्षा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात असतो तो रबरी फुगा बरा. दाबला की पुढच्या नळीतून कोरडी हवा येते. जोर हातात राहतो, वीज लागत नाही, खर्चही फार नाही. नळी सरळ हाडावर रोखायची नाही, तिरकी धरायची आणि धूळ आपल्यापासून लांब जाईल असं बघायचं. एखादा तुकडा हलताना दिसला की तिथंच थांबायचं.

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा मोह मात्र टाळा. गाडीच्या चाकात साधारण ३० पौंड हवा भरतात, कॉम्प्रेसरच्या टाकीत १०० च्या पुढं असते. त्या झोतात हाडाचे कपचे उडून जातात. वर त्या हवेत पाणी आणि तेलाचा अंश असतो, त्याचे डाग पडतात.

फुग्याच्या जोडीला मऊ केसांचा, चित्र रंगवायचा ब्रश हवा. जुना टूथब्रश फक्त टणक, न झिजणाऱ्या भागावर चालतो. केरसुणीचं नाव नको, तिनं ओरखडे पडतात. माती सुटी करायला तासलेली बांबूची काडी लोखंडी खिळ्यापेक्षा चांगली, कारण हाडाला लागली तर आधी काडीचं टोक झिजतं.

आता महत्त्वाचं. काढलेली धूळ फेकायची नाही. काम परातीत किंवा ताटात करायचं आणि खाली पडलेलं सगळं पिशवीत भरून चिठ्ठी लावायची. उंदराचे दात, माशांची बारीक हाडं डोळ्यांना मातीसारखीच दिसतात, ती चाळल्यावर सापडतात. त्या काळी इथं पाणी किती होतं, गवत होतं की झाडी, हे कधीकधी हत्तीच्या हाडापेक्षा उंदराच्या दातावरून नीट कळतं.

बारीक दगडी धूळ फुप्फुसात जाते. खाणीतल्या, दगड फोडणाऱ्या कामगारांना होणारा सिलिकोसिस याच धुळीचा. टॉवेल गुंडाळून ती अडत नाही, एन-९५ मास्क लावा.

ओलं हाड उन्हात वाळवू नका, भेगाळलेल्या काळ्या रानासारखं तडकतं. सावलीत, कागदात गुंडाळून हळूहळू वाळू द्या. फेविक्विकनं तुकडे जोडायचे नाहीत, ते नंतर सोडवताना हाडच तुटतं.

पण हे सगळं हाड आधीच हातात आलं असेल तर. ते अजून दरडीत असेल तर उपसूच नका. शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, मोबाईलवर जागेचं लोकेशन जतन करा, किती खोलीवर आणि कसल्या मातीत होतं ते लिहून ठेवा आणि तलाठ्याला कळवा. सोलापूर विद्यापीठात भूशास्त्र आणि पुरातत्त्व दोन्ही विषय शिकवले जातात, डेक्कन कॉलेज पुण्यात येरवड्याला आहे. फोटो दोन्हीकडं दाखवता येतो.