‘प्रसन्न’ म्हणजे नितळ

‘प्रसन्न’ हा शब्द मुळात पाण्याचा. संस्कृतातल्या ‘सद्’ म्हणजे बसणे या धातूला ‘प्र’ लागून तो झाला. गाळ खाली बसला की वर राहतं ते प्रसन्न पाणी. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात तमसा नदीच्या पाण्याला हेच विशेषण आहे, आणि त्याला उपमा दिली आहे सज्जनाच्या मनाची. एरवी मनाला पाण्याची देतात, इथे उलट! कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर मद्याच्या एका प्रकाराचं नाव ‘प्रसन्ना’ आहे. देवघरात रुळलेल्या शब्दाचं हे नातं जरा गमतीचंच.

‘प्रसाद’ त्याच धातूचा. काव्यशास्त्रात वाचताक्षणी अर्थ कळावा अशा सुबोध रचनेच्या गुणाला प्रसाद म्हणतात. आयुर्वेदात सुश्रुताने केलेल्या निरोगी माणसाच्या व्याख्येत आत्मा, इंद्रियं आणि मन प्रसन्न असणं ही अट आहे.

मराठीत सकाळ प्रसन्न असते, चेहरा प्रसन्न असतो, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर ‘श्री गजानन प्रसन्न’ असतं. पाऊस चांगला झाला की वर्तमानपत्रांचा वरुणराजाही प्रसन्न होतो. बोनस मिळालेला माणूस मात्र खूश होतो, प्रसन्न नाही. ‘मी तुझ्यावर प्रसन्न आहे’ असं घरात कुणी म्हणालं, तर समोरचा हसून ‘मग वर द्या’ म्हणणार. ‘प्रसन्नता’ हे नाम पुस्तकी. बोलताना आपण ‘प्रसन्न वाटलं’ एवढंच म्हणतो.