मॅक्ग्रेगर घराणे
स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड प्रदेशातील एक गेलिक कुळ व त्याचे आडनाव. ‘मॅक’ म्हणजे पुत्र. त्यावरून ग्रेगरचे वंशज ते मॅक्ग्रेगर. नवव्या शतकातील राजा आल्पिन याचा पुत्र हा मूळपुरुष, असे परंपरा सांगते. तीस समकालीन आधार नाही. ग्लेनॉर्की व ग्लेनस्ट्रे या खोऱ्यांतील त्यांच्या जमिनी हळूहळू प्रबळ कॅम्बेल कुळाकडे गेल्या. फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रूइन येथे त्यांनी कोहून कुळाची मोठी कत्तल केली. परिणामी एप्रिलमध्ये सहाव्या जेम्सच्या प्रिव्ही कौन्सिलने हे आडनावच बेकायदा ठरविले. ते न टाकणाऱ्यास देहदंड होता. ही बंदी १६६१ मध्ये उठली, १६९३ मध्ये पुन्हा आली आणि १७७४ मध्ये कायमची रद्द झाली. मधल्या काळात कुळातील लोक मरी, ड्रमंड, ग्रँट, एवढेच नव्हे तर प्रतिस्पर्धी कॅम्बेलांचेही आडनाव लावीत. प्रसिद्ध रॉब रॉय (१६७१–१७३४) आईच्या कॅम्बेल या आडनावाने वावरला. पुढे सर्वांनीच जुने नाव परत घेतले नाही. त्यामुळे या घराण्याच्या वंशशोधात आडनावावर विसंबता येत नाही. स्कॉटलंडमध्ये सक्तीची नागरी नोंदणी १८५५ पासूनची. त्यापूर्वीच्या चर्चच्या नोंदवह्यांतील एखादा ड्रमंड मुळात मॅक्ग्रेगर असू शकतो. पित्याकडून पुत्राकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राच्या तुलनेने अलीकडे अशी काही नाती उलगडली आहेत.