जुनी पिकअप घेताना (भाग ६) : दिवा लागला, पण पुढची चाकं ओढतात का?

गेल्या आठवड्यात गाडीखाली शिरून चासीचा गंज पाहिला. आजही गाडीखालीच राहायचं आहे, फक्त थोडं पुढे सरकून. जुन्या पिकअपच्या मालकाला ‘फोर-व्हील चालतं का?’ असं विचारलं की तो बटण दाबून दाखवतो. डॅशबोर्डवर दिवा लागतो, तो आपल्याकडे बघतो, आपण मान डोलावतो. अख्ख्या व्यवहारात याहून महाग पडणारी मान आपण दुसऱ्या कशाला डोलावत नसू.

तो दिवा म्हणजे साहेबांच्या दारातला शिपाई. ‘निरोप आत दिला’ एवढंच तो सांगू शकतो. साहेब खुर्चीतून उठले का, हे त्याला बाहेर बसून कळणार कसं? बटण आणि चाक यांच्या मध्ये मोटर, खटका, नळी, केबल, दातेरी कडं अशी माणसं उभी असतात आणि निरोप त्यांच्यापैकी कुणाहीपाशी अडू शकतो. बिघाड शोधायचा म्हणजे तो नेमका कुठे अडला ते शोधायचं. गिअर उघडायची वेळ फार क्वचित येते, हे आधीच सांगून टाकतो, कारण गॅरेजवाला सुरुवात बहुधा तिथूनच करू पाहतो.

बोलायला एक गाडी समोर हवी म्हणून शेव्हरोले एस-१० घेऊ. जनरल मोटर्सची ही छोटी पिकअप उत्तर अमेरिकेत १९८२ पासून २००४ पर्यंत विकली गेली. आपल्या रस्त्यांवर ती दिसत नाही. पण ओहायो-मिशिगनच्या बर्फात जुनी, स्वस्त, चारही चाकांनी ओढणारी गाडी शोधणाऱ्या आपल्या मंडळींसमोर ती आजही येऊ शकते, आणि शिकायला तर ती फारच चांगली, कारण बिघडायच्या बहुतेक जागा तिच्यात एकत्र सापडतात.

एस-१० चं पुढचं एक्सल दोन्ही बाजूंनी सारखं नाही. डावीकडचा शाफ्ट डिफरन्शियलला कायमचा जोडलेला आहे. उजवीकडच्या शाफ्टचे मात्र दोन तुकडे आहेत आणि त्यांच्यामध्ये सरकणारं एक दातेरी कडं. टू-व्हीलमध्ये ते कडं बाजूला असतं. गाडी धावते तेव्हा डावं चाक आपला शाफ्ट फिरवतं, डिफरन्शियल ती फिरकी उलटवतं आणि उजवीकडचा आतला तुकडा उलट्या दिशेने रिकामाच फिरत राहतो. पुढचा प्रॉपेलर शाफ्ट जागचा हलत नाही. फोर-हायचं बटण दाबलं की आधी ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी, त्या थांबलेल्या प्रॉपेलर शाफ्टला वेग देते. शाफ्ट गाडीच्या चालीला येऊ लागला की उजवीकडचा उलटा फिरणारा तुकडा मंदावतो, क्षणभर थांबतो, मग सुलट फिरू लागतो आणि बाहेरच्या तुकड्याचा वेग गाठतो. आता दोघांच्या वेगात फरक उरला नाही, म्हणून कडं अलगद सरकून त्यांना एक करतं. चालत्या गाडीत फोर-व्हील लागतं ते असं. कंपनीने याला ‘इन्स्टा-ट्रॅक’ असं जाहिरातबाज नाव दिलं होतं, पण कल्पना खरोखरच सुंदर आहे.

आता कडं सरकलंच नाही असं धरा. ट्रान्सफर केसने ताकद पाठवलेली आहे, प्रॉपेलर शाफ्ट फिरतो आहे, दिवाही लागला आहे. पण डिफरन्शियल ती सगळी ताकद मोकळ्या बाजूला सोडून देतं. चिखलात डावं चाक ढिम्म, उजवं चाकही ढिम्म, आतला तुटक तुकडा मात्र गरगर फिरतोय. एका बाजूचा सांधा सुटला की दोन्ही चाकं गेली.

हे कडं सरकवायला जनरल मोटर्सने इंजिनाचीच ओढ वापरली. इंजिन हवा आत घेतं तेव्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतं. तिथून निघालेली नळी ट्रान्सफर केसवरच्या एका खटक्यापर्यंत जाते आणि तिथून परत पुढे बॅटरीच्या तबकाखाली बसवलेल्या डायफ्रॅमच्या डब्यापर्यंत. फोर-व्हील लागलं की खटका ओढ पुढे सोडतो, डायफ्रॅम खेचला जातो आणि त्याला बांधलेली पोलादी केबल एक्सलमधला काटा ओढते. वीस वर्षांत रबरी नळ्या कडक होऊन तडकतात. बॅटरीतून झिरपलेलं आम्ल खालचा डबा खातं. डब्यासाठी ती जागा निवडणाऱ्याला काय म्हणावं? रस्त्यावरच्या मिठाने केबल आपल्या आवरणातच जाम होते.

सगळ्यात मजेदार बिघाड त्या खटक्याचा. त्याचं सील झिजलं की इंजिनाची ओढ ट्रान्सफर केसमधलं लाल तेल नळीत खेचू लागते. तेल नळ्यांमधून डब्यात जातं, आणि हीटर-एसीच्या कळाही त्याच व्हॅक्यूमवर चालत असल्याने तिथेही पोचतं. म्हणून ही गाडी बघायला गेलात तर फोर-व्हीलचा विषय काढण्याआधी पंखा लावा आणि हवा तोंडावर सोडून बघा. कळ फिरवूनही हवा पुढच्या काचेवरच जात असेल, किंवा चढावर पाय दाबल्याबरोबर तोंडावरची हवा काचेकडे वळत असेल, तर व्हॅक्यूम कुठेतरी गळतंय. ओढ नाहीशी झाली तरी काच स्वच्छ राहावी म्हणून झडपा त्या बाजूला पडतील अशीच रचना केलेली असते. एसी बिघडलाय म्हणून मालक शंभरेक डॉलर सोडायला तयार असतो. एसी बहुधा ठीक असतो. ट्रान्सफर केसवरचा खटका उघडून नळीत लाल तेल दिसलं की दोन्ही तक्रारींचं मूळ एकच, आणि तो खटका या गाडीतल्या स्वस्त वस्तूंपैकी एक. मात्र खटका बदलताना ट्रान्सफर केसमधलं तेल मोजायला विसरू नका. जे नळ्यांत गेलं ते तिथूनच गेलं.

आता प्रत्यक्ष तपासणी. इंजिन चालू करा, फोर-हाय दाबा, गाडी मोकळ्या मातीवर वीसेक फूट सरळ पुढे न्या आणि तशीच बंद करा. गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून अडण. पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालू नका. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. ट्रान्सफर केस न्यूट्रलला गेली तर ‘पार्क’ मागची चाकं धरत नाही. त्यामुळे गाडी उचललेली असताना फोर-लोच्या बटणाशी खेळ नको.

पुढचा प्रॉपेलर शाफ्ट हाताने पिळून बघा. थोडी खुळखुळ सोडली तर तो हलता कामा नये. सहज फिरला तर ट्रान्सफर केसनेच निरोप ऐकलेला नाही. शाफ्ट घट्ट असेल तर डावं चाक हाताने फिरवा. उजवं चाक उलट दिशेने फिरलं की कडं जोडलेलं आहे. उजवं जागचं हललं नाही तर कडं सुटलेलं आहे आणि आता डब्याकडे वळायचं. इथे गेज लावलेला व्हॅक्यूमचा हातपंप लागतो. तो थेट डब्याला जोडून १५ ते २० इंच ओढ द्या आणि कुणाला तरी चाक थोडं मागेपुढे हलवायला सांगा, म्हणजे दात एकमेकांसमोर येतील. गेजचा काटा खाली घसरत गेला तर डायफ्रॅम फाटलेला. काटा टिकला पण केबल हलली नाही तर केबल जाम. केबल खेचली गेली आणि उजवं चाक उलटं फिरू लागलं तर डबा, केबल, कडं सगळं ठीक. दोष अलीकडे, नळीत किंवा खटक्यात. केबल पूर्ण खेचली जाऊनही चाक ढिम्म असेल तरच एक्सल उघडायची भाषा करायची.

मॅनिफोल्डवरची ओढही मोजून घ्या. समुद्रसपाटीजवळ निरोगी इंजिन आयडलवर साधारण १७ ते २२ इंच पारा दाखवतं. डेन्व्हरसारख्या पाच हजार फुटांवरच्या गावात तेच इंजिन पाचेक इंच कमी दाखवेल. तो आजार नव्हे. काही गाड्यांमध्ये आधीच्या मालकाने हा सगळा व्हॅक्यूमचा संसार काढून टाकून केबिनमधून हाताने ओढायची केबल बसवलेली असते. ती पाहून बिचकू नये. मला तर ती दुरुस्ती मूळ रचनेपेक्षा शहाणपणाची वाटते.

ट्रान्सफर केसनेच नकार दिला असेल तर प्रश्न विजेचा. बटणवाल्या एस-१० मध्ये गिअर बदलायचं काम ट्रान्सफर केसवरची मोटर करते आणि तिच्यातच असलेला सेन्सर आपण आता कुठे आहोत ते कंट्रोल मॉड्यूलला कळवतो. बटण दाबल्यावर दिवा लुकलुकतो आणि पुन्हा टू-हायवर येतो तेव्हा संशय या मोटर-सेन्सरच्या जोडीवर घ्यावा. चावी फिरवल्यावर बटणांचे दिवेच लागत नसतील तर आधी फ्यूज, मग मॉड्यूल. फोर-लो लागत नाही म्हणून नाक मुरडण्याआधी गिअर न्यूट्रलमध्ये होता का आणि गाडी जवळजवळ थांबलेली होती का, ते आठवा. तशी नसेल तर मॉड्यूल नाही म्हणणारच, आणि बरोबरच म्हणणार.

एस-१० वर हात बसला की फोर्डच्या एफ-१५० कडे मात्र डोकं उलटं करून जावं लागतं. २००४ पासूनच्या एफ-१५० मध्ये पुढच्या दोन्ही चाकांच्या हबपाशी व्हॅक्यूमवर चालणारी जोडणी आहे, पण तिथे व्हॅक्यूम चाकांना सुटं ठेवतं. ओढ गेली की हब आपोआप जोडला जातो. म्हणून नळी गळली तर एस-१० चं फोर-व्हील लागत नाही, आणि एफ-१५० चं नको असताना अर्धवट लागतं. टू-व्हीलमध्ये चढावर पाय दाबला की पुढच्या चाकातून दात घासल्यासारखा करकर आवाज येतो, कारण पाय दाबला की मॅनिफोल्डची ओढ कमी होते आणि ती धरून ठेवणारी एकेरी झडप निकामी झालेली असते. गॅरेजमध्ये हा आवाज बेअरिंगच्या नावावर सहज खपतो. आधी फोर-हाय लावून चालवा. हब पूर्ण जोडला गेल्यावर आवाज गेला तर बेअरिंगचे पैसे देऊ नका.

आता टायर. अशा फोर-व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधलेले असतात, वेगातला फरक खपवायला मध्ये काही नाही. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत टायर असले की शाफ्टमध्ये पीळ भरतो आणि मग फोर-व्हील सुटायलाच तयार होत नाही. चार पावलं मागे घेतली की पीळ उतरतो. कोरड्या डांबरावर फोर-हायमध्ये वळताना गाडी अडखळते, उड्या मारल्यासारखी चालते, तेव्हा खरेदीदार घाबरतो. प्रत्यक्षात पुढची चाकं ओढताहेत याचा तो पुरावा असतो. फक्त तो पुरावा डांबरावर मागू नये, मातीवर मागावा. टायर सारखे असूनही पीळ भरत असेल तर एक्सलचं गुणोत्तर तपासा. कुणीतरी भंगारातून दुसरंच एक्सल बसवलेलं असू शकतं. जनरल मोटर्सच्या गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सजवळच्या स्टिकरवर कोड छापलेले असतात. जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३. पुढे एक आणि मागे दुसरं निघालं तर गाडी तिथेच सोडा.

आपल्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ पासून आणि टोयोटाची हायलक्स २०२२ पासून आहे, आणि त्या आता जुन्या बाजारात येऊ लागल्या आहेत. त्यांची नस वेगळी. बऱ्याच जणींचं फोर-व्हील शोरूममधून निघाल्यापासून लावलेलंच नसतं, आणि न वापरलेला भाग शाबूत असेलच असं नाही, तो नुसता जाम झालेला असू शकतो. टोयोटाच्या अनेक फोर-व्हील गाड्यांच्या माहितीपुस्तकात महिन्यातून किमान १६ किलोमीटर फोर-व्हीलमध्ये चालवायला सांगितलेलं असतं, ते याचसाठी. आत तेल फिरतं, काटा सरकत राहतो. विक्रेत्याला ‘शेवटचं कधी लावलं होतं?’ असं विचारा आणि उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो ते बघा.

नळी, खटका, मोटर, सेन्सर हे बिघाड घासाघिशीचे आहेत. ते दाखवून भाव उतरवावा आणि गाडी घ्यावी. ट्रान्सफर केसमधून साखळी उडी मारल्यासारखा ठणका येत असेल, तेलात धातूचा चुरा असेल, तर घासाघीस न करता निघावं. आणि शेवटची एक जागा मुद्दाम सांगतो. १९९९ नंतरच्या शेव्हरोले सिल्व्हेराडोत ‘ऑटो’ बटण असलेली ट्रान्सफर केस असेल, तर आतला तेलाचा पंप मॅग्नेशियमच्या कवचावर घासत राहून त्याला आतून भोक पाडतो. गाडी उभी असताना खाली थेंबही पडत नाही. चालताना मात्र तेल बाहेर उडत राहतं आणि एक दिवस केस कोरडी पडून जळते. म्हणून अशा गाडीखाली वाकलात तर जमिनीकडे बघू नका, ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला आणि त्यापलीकडच्या चासीवर तेलाचा ओला फवारा बसलाय का ते बघा.

पुढच्या आठवड्यात पुढचीच चाकं, पण बॉल जॉइंट आणि स्टिअरिंगच्या अंगाने.