मालकी, वहिवाट आणि घरातली नॅस

धालोच्या मांडावर आजीने म्हटलेली गाणी, पेडण्याकडच्या एखाद्या दहीकाल्यातील दशावताराचे चित्रीकरण, पोर्तुगीज काळातले दस्तऐवज, एक-चौदाचे उतारे. अशा गोष्टी पूर्वी लाकडी पेटीत आणि कपाटात असत. आता त्या स्कॅन होऊन किंवा मोबाईलवरून उतरून एका लहान यंत्रात जातात. घरच्या राउटरला जोडलेल्या, एक-दोन हार्ड डिस्क असलेल्या या यंत्राला ‘नॅस’ म्हणतात. घरातला कोणताही संगणक, मोबाईल किंवा टीव्ही त्यातील फाइली पाहू शकतो. निदान तशी अपेक्षा असते. चवथीला सगळी मंडळी जमतात, कोणीतरी जुने फोटो उघडायला जातो आणि पडद्यावर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ उमटते.

‘परमिशन’ला आपण परवानगी म्हणतो. शब्द चुकीचा नाही, पण थोडा फसवा आहे. परवानगी दर वेळी मागायची असते आणि ती देणारा माणूस समोर असतो. येथे असे कोणी नसते. प्रत्येक फोल्डरला एक नोंद चिकटलेली असते आणि यंत्र ती वाचून निर्णय देते. म्हणून जमिनीच्या व्यवहारातले ‘मालकी’ आणि ‘वहिवाट’ हे शब्द मला अधिक जवळचे वाटतात. एक-चौदाच्या उताऱ्यात कब्जेदार कोण, कूळ कोण, इतर हक्क कोणाचे हे निरनिराळ्या रकान्यांत लिहिलेले असते. फोल्डरच्या नोंदीतही मालक, गट आणि इतर असे तीन रकाने असतात आणि प्रत्येकापुढे वाचणे, लिहिणे व आत शिरणे हे हक्क मांडलेले असतात. १९७० च्या दशकात युनिक्स या प्रणालीने ही पद्धत रूढ केली. आजच्या बहुतेक नॅस लिनक्सवर, म्हणजे त्याच घराण्यातल्या प्रणालीवर चालतात.

या नोंदीतली एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. फाइल पुसून टाकण्याचा हक्क त्या फाइलच्या नोंदीवर नव्हे, तर ती ज्या फोल्डरात आहे त्याच्या नोंदीवर ठरतो. फाइल ‘फक्त वाचा’ अशी ठेवून निर्धास्त झालेल्याची फाइल म्हणूनच नाहीशी होऊ शकते. फोल्डरात लिहिण्याचा हक्क असलेला कोणीही ती काढू शकतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. यंत्र माणसाला नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखते. साध्या लिनक्स संगणकावर पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक बहुधा १००० असतो. काही नॅसवर तो १०२६ पासून सुरू होतो. पावसाळ्याच्या तोंडावर वीज पडून जुने यंत्र गेले आणि त्यातली डिस्क नव्यात बसवली, तर फाइली शाबूत असतात, पण मालकाच्या रकान्यात नुसता आकडा दिसतो. त्या आकड्याचा माणूस नव्या यंत्रात नाहीच. नव्या यंत्रावर पूर्वीच्याच नावाने खाते उघडले तरी क्रमांक वेगळा पडला, तर तो माणूस परकाच. डिचोलीतल्या मये गावाची आठवण येथे झाल्याशिवाय राहत नाही. मुक्तीनंतर तिथली बरीच जमीन स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारकडे गेली. कसणारे आणि राहणारे गावातच, कागदावर नाव मात्र त्यांचे नाही. त्यासाठी २०१४ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. नॅसवर एवढे थांबावे लागत नाही. प्रशासक खात्याने आत जाऊन फोल्डरचा मालक बदलता येतो आणि तोच बदल आतल्या सर्व फोल्डरांना लावता येतो. त्याआधी सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी, आणि यंत्राच्या स्वतःच्या वापराच्या फोल्डरांना हात लावू नये.

बहुतेक वेळा मात्र प्रश्न इथपर्यंत जातच नाही. आधी पाहावे की यंत्र आपल्याला कोण समजते आहे. विंडोज एकदा दिलेले नाव आणि पासवर्ड लक्षात ठेवते, आणि एकाच नॅसला एकाच वेळी दोन नावांनी जोडू देत नाही. मुलाच्या नावाने उघडलेली जोडणी चालू असताना आईच्या फोल्डरात शिरायला गेले, की नकार मिळतो. फोल्डरचा त्यात काही दोष नसतो. विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून जुनी नोंद पुसून संगणक पुन्हा सुरू केला की पुष्कळदा काम होते. संगणक उघडताना आपण जो पिन देतो तो येथे चालत नाही, नॅसवरचा पासवर्ड वेगळा असतो.

नाव बरोबर असेल तर मग दरवाजे तपासावेत. ते दोन आहेत. पहिला, नेटवर्कवरून दिसणाऱ्या सामायिक फोल्डरचा; दुसरा, डिस्कवरच्या फोल्डरच्या नोंदीचा. दोन्ही उघडे असतील तरच आत जाता येते. एका दरवाजावर लिहिण्याचा आणि दुसऱ्यावर फक्त वाचण्याचा हक्क असेल, तर फक्त वाचता येते. एकच माणूस दोन गटांत असला आणि त्यातल्या एका गटाला स्पष्ट मनाई असली, तर सहसा मनाईच बलवान ठरते. ‘सगळे बरोबर दिले आहे, तरी उघडत नाही’ अशी तक्रार असली की असा विसरलेला गट शोधावा.

आणखी एक नेहमीचे कारण हलवण्यात असते. आपल्या खाजगी फोल्डरातले फोटो कापून सामायिक फोल्डरात टाकले, तर ते आपली जुनी नोंद सोबत घेऊन येऊ शकतात. मग फोल्डर सर्वांना उघडतो आणि नेमके तेवढेच फोटो उघडत नाहीत. कॉपी केल्यास नवी फाइल तयार होते आणि ती नव्या जागेचे नियम घेते. म्हणून सामायिक जागेत कॉपी करावी आणि ती उघडते याची खात्री झाल्यावर मूळ पुसावे.

या सगळ्याला कंटाळून ‘सर्वांना सर्व हक्क’ देणारे पुष्कळ आहेत. जाणकार त्याला ७७७ म्हणतात. त्याने नकार थांबतात हे खरे. पण घरातल्या एका लॅपटॉपमध्ये खंडणीखोर प्रोग्राम शिरला, तर तो लॅपटॉपवरच्या माणसाला जिथे लिहिता येते तिथे तोही लिहितो. मे २०१७ मधल्या वॉनाक्रायने संगणकाला जोडलेल्या नेटवर्क ड्राइव्हवरच्या फाइलीही कुलूपबंद केल्या होत्या. आजीचा आवाज पुन्हा ध्वनिमुद्रित करता येत नाही. म्हणून जुना ठेवा एका वेगळ्या फोल्डरात ठेवावा, त्यात लिहिण्याचा हक्क एकाच खात्याला द्यावा, आणि ते खाते रोजच्या कामाला वापरू नये. बाकी घरच्यांचा एक गट करून त्याला वाचण्याचा हक्क पुरे. नवे फोटो टाकायला शेजारी दुसरा, सर्वांना लिहिता येणारा फोल्डर असावा. त्यातले निवडून ठेव्यात हलवण्याचे काम महिन्यातून एकदा केले तरी चालते.

टीव्हीवर मात्र एवढे करूनही काही दिसले नाही, तर गोंधळू नये. टीव्हीला चित्रे पुरवणारा नॅसवरचा प्रोग्राम अनेकदा स्वतःच्या वेगळ्या नावाने चालतो. त्यालाही वाचण्याचा हक्क द्यावा लागतो.