चालती गाडी : मालट्रकमधले नवे तंत्र

मालट्रक कमावतो तो चाके फिरत असताना. बँकेचा हप्ता, विमा, रोड टॅक्स आणि चालकाचा पगार मात्र गाडी उभी असली तरी चालूच राहतो. म्हणून ट्रकमालकाचे सगळे गणित दोन आकड्यांवर येऊन थांबते. एक म्हणजे ‘ॲव्हरेज’, लिटरभर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर गेली. दुसरा म्हणजे महिन्यातले किती दिवस ती रस्त्यावर होती. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतीय मालट्रकमध्ये आलेले जवळजवळ प्रत्येक नवे तंत्र या दोन आकड्यांपैकी एकावर परिणाम करते. काही तंत्रे प्रदूषणाच्या नियमांमुळे आली, काही करपद्धती बदलल्यामुळे, तर काही कारखानदारांच्या स्पर्धेतून.

हा बदल बडोद्याच्या समा भागातून चांगला दिसतो. समा-सावली रस्ता शहराबाहेर पडून दुमाड चौकडीजवळ राष्ट्रीय महामार्ग ४८ ला मिळतो. जुने लोक या महामार्गाला अजून ‘आठ नंबर’च म्हणतात. अहमदाबादकडे जाणारा ९३ किलोमीटरचा एक्स्प्रेसवेही याच परिसरातून सुरू होतो. सावलीच्या वाटेवर मंजुसरची औद्योगिक वसाहत आहे, छाणीजवळ फर्टिलायझरनगरात जीएसएफसीचा खतकारखाना आहे आणि त्याच्या पुढे १९६५ पासून चालू असलेली कोयलीची रिफायनरी. तेलाचे आणि रसायनांचे टँकर, यंत्रसामग्रीचे ट्रेलर, मुंबई-दिल्ली धावणारे कंटेनर अशा सगळ्या जातीच्या जड गाड्या या पट्ट्यात रात्रंदिवस असतात.

इंजिन : पंपाकडून संगणकाकडे

जुन्या ट्रकच्या इंजिनात डिझेल किती आणि केव्हा सोडायचे हे यांत्रिक पंप ठरवत असे. स्प्रिंग, कॅम आणि गव्हर्नर यांच्या आधारे तो चालायचा. गाडी काळा धूर सोडू लागली किंवा चढावर दम टाकू लागली की मिस्त्री नोझल काढून टेस्टिंगला पाठवायचा, पंपाचे सेटिंग करून घ्यायचा आणि लाईनमधली हवा काढून गाडी चालू करायचा. दुरुस्ती सोपी होती, पण सेटिंग कारागिराच्या कानावर आणि हातावर अवलंबून असे. दोन सारख्या गाड्यांचे ॲव्हरेज क्वचितच सारखे निघायचे.

१ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून, मधली पायरी गाळून, थेट बीएस-६ हे उत्सर्जनाचे निकष लागू झाले. जड इंजिनांसाठी नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा एका किलोवॉट-तासाला ३.५ ग्रॅमवरून ०.४ ग्रॅमवर आली. डिझेलमधल्या गंधकाचे प्रमाणही दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आणले गेले. यांत्रिक पंपाला हे गाठणे शक्य नव्हते. त्याच्या जागी कॉमन रेल पद्धत आली. तिच्यात एका जाड नळीत डिझेल दीड-दोन हजार बारच्या दाबाखाली तयार ठेवलेले असते आणि प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर संगणकाच्या हुकमावर उघडतो.

हे काम किती बारीक आहे ते एका हिशेबाने कळते. इंजिन मिनिटाला १५०० फेरे करत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला साडेबारा वेळा ज्वलन होते. दर वेळी डिझेल एकदम न सोडता दोन-तीन किंवा अधिक टप्प्यांत सोडले जाते. पहिला छोटा फवारा ज्वलनाची तयारी करतो, मुख्य फवारा ताकद देतो, शेवटचा उरलेली काजळी जाळायला मदत करतो. अशा फवाऱ्यासाठी लागणारे नोझल आणि इंजेक्टर बनवणारा बॉश कंपनीचा कारखाना नाशिकला आहे. नाशिककर त्याला आजही ‘मायको’ म्हणतात.

या बदलाने चालकाची एक जुनी सवय नुकसानीची ठरली. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती. संगणकावर चालणाऱ्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की डिझेल पूर्ण बंद होते आणि चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते. शिवाय गिअरमुळे मिळणारा इंजिनाचा ब्रेक जातो आणि सगळा भार ब्रेकच्या लायनरवर पडतो. उतार गिअरमध्येच उतरला तर डिझेलही वाचते आणि ब्रेकही टिकतात.

धुराड्यातला रासायनिक कारखाना

बीएस-६ गाडीचा धूर बाहेर पडण्याआधी दोन मोठे टप्पे ओलांडतो. पहिल्या टप्प्यात सूक्ष्म छिद्रांच्या सिरॅमिक गाळणीत काजळी अडकते. गाळणी भरत आली की संगणक धुराचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सियसपर्यंत चढवतो आणि काजळी जाळून टाकतो. दुसऱ्या टप्प्यात धुरात डीईएफ नावाचे द्रावण फवारले जाते. शुद्ध पाण्यातले हे युरियाचे द्रावण असते आणि युरियाचे प्रमाण ३२.५ टक्के. उष्णतेने त्यापासून अमोनिया तयार होतो आणि उत्प्रेरकावर तो नायट्रोजनच्या ऑक्साइडांना निरुपद्रवी नायट्रोजन आणि पाण्यात बदलतो.

चालक या द्रावणाला नुसते ‘युरिया’ म्हणतात आणि घोटाळा नेमका इथेच होतो. शेतीचा युरिया स्वस्त मिळतो म्हणून तो पाण्यात कालवून टाकीत ओतण्याचे प्रकार घडतात. देशात २०१५ पासून शेतीच्या सर्व युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. त्यात इतर अशुद्ध घटकही असतात. लेपाचे तेल आणि क्षार फवारणीचे नोझल तुंबवतात आणि उत्प्रेरक निकामी करतात. बाटलीमागे वाचलेले पैसे मग उत्प्रेरकाच्या मोठ्या खर्चाने वसूल होतात. डीईएफ संपले किंवा त्याचा दर्जा बिघडला की सेन्सर ते ओळखतो, आधी डॅशबोर्डवर दिवा लावतो आणि दुर्लक्ष झाले तर इंजिनाची ताकद कमी करतो. भरलेली गाडी घाटात अशी हतबल झाली तर फेरीच बुडते. म्हणून बीएस-६ गाडीच्या भरवशाचा पहिला नियम डीईएफच्या शुद्धतेचा आहे.

टायर : सर्वांत मोठी बचत

युरोपात ट्रकचे ॲव्हरेज वाढवण्यासाठी केबिनच्या आकारावर, म्हणजे हवेच्या रोधावर, फार भर असतो. भारतीय रस्त्यावर हिशेब वेगळा आहे. सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या ४९ टनी ट्रेलरला टायरचा रोध साधारण ३,००० न्यूटन आणि हवेचा रोध साधारण १,२०० न्यूटन पडतो. वेग कमी आणि वजन जास्त असल्याने टायरचा वाटा दुपटीहून मोठा आहे. टायरचा रोध एकदशांशाने घटला तर एकूण रोध सुमारे सात टक्क्यांनी उतरतो. ऊर्जा मंत्रालयाने २०१७ मध्ये जड वाहनांसाठी इंधन-वापराचे जे निकष काढले, त्यांतही ट्रकची चाचणी ताशी ४० आणि ६० किलोमीटर अशा स्थिर वेगांनाच ठेवली. आपली जड वाहतूक खरोखर ज्या वेगाने चालते, तेच हे वेग.

जुना टायर, ज्याला बाजारात ‘नायलॉन’ म्हणतात, त्यात धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत जातात. चालताना ते एकमेकांवर घासतात आणि टायर तापतो. रेडियल टायरमध्ये धागे एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरळ जातात आणि वरून पोलादी तारांचे पट्टे असतात. घर्षण कमी, उष्णता कमी, झीज सावकाश. ढाचा चांगला राहिला तर रिमोल्ड करून तोच टायर पुन्हा वापरता येतो. बडोदा जिल्ह्यात लिमडा येथे अपोलोचा आणि शेजारच्या हालोलमध्ये सिएटचा टायरकारखाना आहे.

चांगला टायरही हवा कमी असेल तर फुकट जातो. जोडचाकांपैकी आतल्या टायरची हवा उतरली तर बाहेरून कळत नाही, कारण बाहेरचा टायर भार पेलत असतो. चालक ढाब्यावर थांबला की लोखंडी सळईने प्रत्येक टायरवर ठोका मारतो आणि आवाजावरून अंदाज घेतो. अगदी बसलेला टायर असा सापडतो, पण थोडी उतरलेली हवा ठोक्याने कळत नाही. हवेचा दाब आणि तापमान मोजणारे सेन्सर नेमके हेच काम करतात. टायर फुटायच्या आधी ते सूचना देतात.

वजन, गिअर आणि केबिन

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ॲक्सलवरील कायदेशीर भाराची मर्यादा वाढवली. सर्वांत मोठ्या ट्रेलरचे एकूण वजन ४९ वरून ५५ टनांवर गेले. त्याच डिझेलमध्ये जास्त माल जाऊ लागला, म्हणजे टनामागचा खर्च उतरला. त्याच्या जोडीला लिफ्ट ॲक्सलचा प्रसार झाला. गाडी खाली असेल तेव्हा ही चाके उचलून घेता येतात, म्हणून परतीच्या फेरीत टायर आणि डिझेल दोन्ही वाचतात. अनेक नव्या गाड्यांत भाराप्रमाणे इंजिनाची ताकद निवडण्याचे बटण असते. काही मॉडेलांत क्लच न दाबता संगणकच गिअर बदलतो. त्यामुळे क्लच प्लेट जास्त टिकते आणि नवख्या चालकाचे ॲव्हरेज अनुभवी चालकाच्या जवळ येते.

केबिनही या हिशेबात येते. उन्हाळ्यात इंजिनाशेजारच्या तापलेल्या केबिनमध्ये दहा-बारा तास बसणारा माणूस थकतो, आणि थकलेल्या चालकाच्या हातून डिझेलही जास्त जळते, अपघातही होतात. मध्यम आणि जड नव्या ट्रकांना वातानुकूलित केबिन २०२५ पासून सक्तीची झाली. त्याच वर्षी आपोआप ब्रेक लावणारी, लेन सुटल्यास इशारा देणारी आणि चालकाची डुलकी ओळखणारी यंत्रणा जड वाहनांना बंधनकारक करण्याचा मसुदा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने काढला.

दूरवरून दिसणारी गाडी

संगणकावर चालणारे इंजिन सतत स्वतःचे मोजमाप घेते. मोबाइलच्या नेटवर्कवरून ही माहिती मालकाच्या फोनवर आणि कंपनीच्या केंद्रात जाते. टाटा मोटर्सची ‘फ्लीट एज’ आणि अशोक लेलँडची ‘आय-अलर्ट’ अशा सेवा बीएस-६ गाड्यांबरोबर सर्वदूर पोचल्या. गाडी कुठे आहे एवढेच त्यांतून कळत नाही. इंजिन किती वेळ नुसते चालू ठेवले, ब्रेक किती वेळा जोरात लागला, डिझेल कुठे एकदम घटले हेही दिसते. कूलंटचे तापमान रोज थोडे थोडे चढत असेल तर गाडी गरम होऊन रस्त्यात बंद पडण्याआधी, माल उतरवून झाल्यावर, ती दुरुस्तीला बोलावता येते. भरवसा वाढतो तो या आगाऊ सूचनेने. टाटा मोटर्सने जड ट्रकांच्या इंजिनापासून चाकांपर्यंतच्या भागांना ६ वर्षे किंवा ६ लाख किलोमीटरची हमी दिली.

बडोद्यासारख्या रसायनांच्या गावी याला सुरक्षेचा अर्थही आहे. धोकादायक माल आणि औद्योगिक वायू नेणाऱ्या नव्या मध्यम व जड वाहनांना सप्टेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने मागोवा घेणारे यंत्र सक्तीचे झाले.

नाक्यावरचा वेळ

इंजिन कितीही सुधारले तरी नाक्यावर उभी गाडी कमावत नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमांवरचे कर-तपासणी नाके गेले. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालाला ई-वे बिल, म्हणजे वाहतुकीची ऑनलाइन नोंद, लागू झाले. टोल आपोआप कापणाऱ्या फास्टॅगची सुरुवातच २०१४ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या प्रयोगाने झाली आणि फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून तो टोल भरणाऱ्या सर्व वाहनांना बंधनकारक झाला. भरूचजवळ नर्मदेवरचा नवा पूल मार्च २०१७ मध्ये खुला झाला आणि बडोदे-सुरत वाटेवरचा तासन्‌तासांचा खोळंबा कमी झाला.

ई-वे बिलाने गाडीच्या भरवशाला कायद्याचे वजनही दिले. बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस असते. गाडी वाटेत बिघडली तर मुदत वाढवून घ्यावी लागते, माल दुसऱ्या गाडीत चढवला तर तिचा नंबर भरावा लागतो. चूक झाली तर दंड.

डिझेलच्या पलीकडे

गुजरातच्या पट्ट्यात पहिला पर्याय एलएनजीचा. उणे १६२ अंशांवर द्रवरूप केलेला हा नैसर्गिक वायू दहेजच्या टर्मिनलवर २००४ पासून उतरतो. त्याच जागेत तो सीएनजीपेक्षा खूप जास्त मावतो, म्हणून लांब पल्ल्याला चालतो. पुण्याजवळ चाकणला ब्लू एनर्जी मोटर्सने २०२२ पासून एलएनजीचे जड ट्रक आणले. पंपांचे जाळे विरळ असल्याने सध्या हे ट्रक ठरलेल्या मार्गावरच परवडतात.

विजेच्या ट्रकांसाठी पीएम ई-ड्राइव्ह योजनेत जुलै २०२५ पासून वाहनामागे कमाल ९ लाख ६० हजार रुपयांचे प्रोत्साहन आहे. बॅटरीला ५ वर्षे किंवा ५ लाख किलोमीटरची हमी देणे कारखानदाराला बंधनकारक आहे. बंदर ते गोदाम, कारखाना ते सिमेंट डेपो अशा छोट्या, पुन्हापुन्हाच्या फेऱ्यांत हा ट्रक बसतो.

दुरुस्तीचे हात

आता बिघाड शोधायला कानाऐवजी स्कॅनर लागतो. दिवा लागला की कोड वाचायचा, आणि कोड नेमका कोणत्या सेन्सरकडे, वायरकडे किंवा पाइपकडे बोट दाखवतो ते तपासायचे. कोड वाचून सरळ भाग बदलणारा मेकॅनिक मालकाचा खर्च वाढवतो. कोडमागचे कारण शोधणारा तो वाचवतो. सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन काढले ते कारागिराच्या हाताला शास्त्राची जोड देण्यासाठी. आज महामार्गावरच्या गॅरेजला त्याच जोडीची गरज आहे : स्कॅनर, वायरिंगचे नकाशे आणि ते वाचायला शिकवणारे आयटीआयचे वर्ग.

देशातले बहुतेक ट्रक मोजक्याच गाड्या असलेल्या छोट्या मालकांचे आहेत. मोठ्या कंपन्यांकडे करार, सर्व्हिस व्हॅन आणि माहिती पाहणारे कर्मचारी असतात. छोट्या मालकाकडे एक फोन आणि ओळखीचा मिस्त्री असतो. नव्या तंत्राने वाचलेले डिझेल आणि वाढलेले दिवस त्याच्या पदरात पडायचे, तर शुद्ध डीईएफ प्रत्येक पंपावर मिळायला हवे, स्कॅनर परवडणारा हवा आणि मिस्त्रीला नवे प्रशिक्षण त्याच्या गावाजवळ मिळायला हवे. गाडीतले तंत्र कारखान्यात बसवून मिळते. त्याचा भरवसा मात्र रस्त्यावरच्या या तीन गोष्टींनी ठरतो.