तंजावर : सरफोजींच्या उरलेल्या राज्यातून

तंजावरचा हेरिटेज वॉक बृहदीश्वर मंदिरापासून सुरू होतो. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेल्या त्या शिखराकडे मान दुखेपर्यंत बघावे लागते. भिंती मग कोण वाचतो? आमचा गाइडही नैर्ऋत्येच्या भिंतीपाशी "मराठा शिलालेख" एवढेच म्हणून पुढे निघाला. मी मागे राहिलो.

देवनागरीत, मराठीत, ओळींमागून ओळी कोरलेला हा भोसले घराण्याचा इतिहास. साल १८०३. मला हे साल महत्त्वाचे वाटते. दुसरे सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तो किल्ला आणि लगतचा थोडा परिसर. म्हणजे आपण ज्या गल्ल्या चालत पाहतो, जवळजवळ तेवढेच! त्यानंतर चार वर्षांनी कोरलेला हा लेख विजयाचा कसा म्हणावा? राजराजाने त्याच मंदिरावर आपली दाने तमिळमध्ये नोंदवली होती, ती वैभवाच्या भरात. सरफोजींनी हातून सत्ता गेल्यावर घराण्याची हकीकत दगडाच्या हवाली केली.

इथून राजवाडा पायी पंधरा-वीस मिनिटांवर. गाइड दरबारात रेंगाळतात आणि सरस्वती महाल ग्रंथालय घाईत उरकतात. माझे मत उलटे आहे. नायकांच्या काळापासूनच्या या संग्रहात सरफोजींनी हस्तलिखितांची आणि युरोपीय ग्रंथांची मोठी भर घातली, तीही याच काळात. शिलालेख पाहून थेट तिकडेच जावे. पुरुष वारस नसल्याने १८५५ मध्ये कंपनीने उरलेलेही खालसा केले. ग्रंथालय १९१८ पासून सर्वांना खुले आहे.