चाळिशीनंतर शिकणारा मेंदू

रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखला १८७० साली जन्मलेल्या पार्वतीबाई आठवले यांना विसाव्या वर्षी वैधव्य आले. पदरात एक मुलगा. त्यांच्या शिक्षणाला खरी सुरुवात झाली ती त्यानंतर; थोरली बहीण बाया कर्वे आणि मेहुणे धोंडो केशव कर्वे यांच्या आधाराने. पुढे त्या कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात शिक्षिका झाल्या, आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करू लागल्या. एवढ्यावर न थांबता १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी शिकण्यासाठी आणि आश्रमाच्या कामासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी पोट भरले आणि भाषाही शिकल्या. १९२० मध्ये परतल्यावर पुन्हा आश्रमाच्या कामाला लागल्या. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात हा सारा प्रवास आहे.

शंभर वर्षांनंतर रत्नागिरीत वाटा वाढल्या आहेत. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठामुळे घरी राहून पदवी घेता येते. तरीही मुले मुंबई-पुण्याला गेल्यावर एखाद्या बाईने लेखापालाचा अभ्यासक्रम करायचा म्हटले, किंवा बोटीवरच्या कामातून मोकळ्या झालेल्या माणसाने मासळी-प्रक्रिया शिकायची ठरवली, की घरातूनच प्रश्न येतो : ‘आता या वयात काय डोक्यात शिरणार?’ प्रश्न खवचट असला तरी विज्ञानाने तो गंभीरपणे घेतला आहे.

आधी वजाबाकी. माहिती समोर आल्यापासून तिच्यावर प्रतिसाद देईपर्यंत मेंदूला जो वेळ लागतो, तो विशीनंतरच हळूहळू वाढू लागतो. एकाच वेळी चार गोष्टी डोक्यात धरून त्यांची जुळवाजुळव करणेही वयानुसार जड जाते. ऐकलेले नाव पटकन आठवत नाही. शेजारी कोणी बोलत असेल तर वाचनावरचे लक्ष उडते. चाळिशीत डोळ्यांचे भिंग ताठर होऊन जवळचे दिसेनासे होते. तो त्रास मेंदूचा नसला तरी अभ्यासाच्या खात्यात जमा होतो.

पण सगळ्या क्षमता एकत्र उतरत नाहीत. जोशुआ हार्ट्सहॉर्न आणि लॉरा जर्माइन यांनी हजारो लोकांच्या चाचण्यांवरून २०१५ मध्ये दाखवले, की वेगाची कामे ऐन तारुण्यात उत्तम जमतात, समोरच्याच्या भावना ओळखण्याची हातोटी चाळिशी-पन्नाशीत कळसाला जाते आणि शब्दसंपत्ती तर त्यानंतरही वाढत राहते. नव्या माहितीला टेकायला जुनी माहिती लागते, आणि ती प्रौढांकडे मुबलक असते. तीस वर्षे मासळी हाताळलेल्या माणसाला शीतसाखळी समजावून सांगायला फार वेळ लागत नाही, कारण बर्फ कमी पडला की काय होते ते त्याने स्वतः सोसलेले असते.

मग मेंदूची रचना या वयात बदलते का? लखनौजवळच्या खेड्यांत झालेला एक प्रयोग आपल्याला फार जवळचा आहे, कारण तिथे शिकवली गेली ती देवनागरी. तिशीच्या आसपासच्या निरक्षर प्रौढांना, त्यात बहुतेक बाया, सहा महिने लिहायला-वाचायला शिकवले. आधी आणि नंतर त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. मायकेल स्काइडे आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले : बदल केवळ मेंदूच्या बाह्य थरात नव्हता, थॅलॅमस आणि मस्तिष्कस्तंभ या खोलवरच्या भागांचा दृष्टीच्या केंद्रांशी ताळमेळ वाढला होता.

लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना हवा असेल तर सुमारे पंचवीस हजार रस्ते पाठ करावे लागतात. त्याला तीन-चार वर्षे जातात. एलिनॉर मॅग्वायर आणि कॅथरीन वूलेट यांनी अशा ७९ उमेदवारांचा माग ठेवला. त्यांतले ३९ उत्तीर्ण झाले, आणि स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग वाढलेला दिसला तो याच ३९ जणांत. नापासांत नाही, परीक्षेच्या वाटेला न गेलेल्यांतही नाही. जर्मनीत साठीच्या आसपासच्या लोकांना तीन चेंडू झेलत ठेवण्याची कसरत शिकवली, तेव्हा त्यांच्याही मेंदूत वाढ आढळली. मात्र तरुणांच्या मानाने कमी जणांना ती कसरत नीट साधली, आणि सराव थांबल्यावर वाढही ओसरली. थोडक्यात, मेंदू पन्नाशीतही बदलतो, पण रियाजाच्या मोबदल्यातच.

एका क्षेत्रात वय खरेच अडवते. परक्या भाषेचे व्याकरण तिथल्या माणसासारखे सहज जिभेवर बसणे सतरा-अठरा वर्षांनंतर अवघड होत जाते, असे लाखो लोकांच्या चाचण्यांवरून २०१८ मध्ये दिसून आले. याचा अर्थ भाषा येत नाही असा नव्हे. रत्नागिरीतच जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी पन्नाशी उलटल्यावर मंडालेच्या तुरुंगात जर्मन आणि फ्रेंचचा अभ्यास केला. त्यांना त्या भाषांतले ग्रंथ वाचायचे होते, आणि त्या कामाला अस्खलित उच्चार लागत नाहीत. कशासाठी शिकायचे हे ठरलेले असले की वयाची अडचण निम्म्यावर येते.

अभ्यासाची पद्धत मात्र बदलावी लागते. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला; दुसऱ्याने वाचून पुस्तक मिटले आणि आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी पहिला गट पुढे होता, आठवड्यानंतर दुसरा. प्रयोग विद्यार्थ्यांवर झाला असला तरी आठवून लिहिण्याचा फायदा वयस्कांनाही होतो. तसेच एका रात्रीत सहा तास घोकण्यापेक्षा आठवडाभर रोज तासभर वाचलेले जास्त टिकते. विसरण्याच्या उंबरठ्यावर असताना उजळणी झाली तर आठवण घट्ट बसते. झोपेत दिवसभराच्या आठवणी पक्क्या होतात, म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण चाळिशीत जास्तच महाग पडते. मोबाइलवरच्या ‘मेंदूच्या व्यायामा’च्या खेळांवर पैसे घालवू नयेत, त्या खेळात माणूस तरबेज होतो, पण त्याचा उपयोग दुसऱ्या विषयात होतो असा भरवशाचा पुरावा नाही.

या सगळ्यातून शिक्षणसंस्थांनीही काही घ्यावे. घड्याळ लावून वेग मोजणारी परीक्षा प्रौढाच्या नेमक्या दुबळ्या जागी बोट ठेवते, आणि त्याचा अनुभव व समज मोजायची राहून जाते. लेखी पेपरला थोडा जादा वेळ, मोठ्या अक्षरांतले साहित्य, प्रात्यक्षिकाला अधिक गुण आणि संध्याकाळचे वर्ग एवढे बदल केले, तरी अर्ध्यावर अभ्यासक्रम सोडणारे कितीतरी जण टिकतील.

ज्यांना पुन्हा वर्गात जायचे आहे त्यांनी प्रवेशाआधी तीन गोष्टी कराव्यात : डोळे तपासून चष्मा घ्यावा, घरच्यांशी बोलून दिवसातला एक तास स्वतःसाठी राखावा आणि पहिले सहा महिने शेजारच्या बाकावरच्या वीस वर्षांच्या मुलाशी तुलना करू नये. तो लवकर शिकेल, तुम्ही सावकाश शिकाल. पण प्रमाणपत्रावर दोघांचीही नावे सारख्याच अक्षरांत छापली जातील.